परसबाग
परसबाग : घरालगतच्या जागेत, घरच्या खाण्यापुरत्या भाज्यांसाठी केलेली बाग. ‘परस’ म्हणजे घरामागची मोकळी जागा; ‘बाग’ हा शब्द फारसीतला. मळ्यात एकाच पिकाचे मोठे क्षेत्र असते. परसबागेत थोड्या जागेत अनेक पिके असतात आणि तोडणी लागेल तशी, थोडीथोडी होते.

उगम : परसबाग शेताच्या आधीची की नंतरची, याविषयी मतभेद आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी 1952 मध्ये मांडलेल्या मतानुसार वस्तीजवळच्या उकिरड्यांवरील उघड्या, नत्रयुक्त (नायट्रोजनयुक्त) मातीत टाकाऊ बिया व कंद आपसूक रुजले आणि माणसाने आधी त्यांनाच जपले. त्याच वर्षी भूगोलज्ञ कार्ल सॉअर यांनी कंद व फुटव्यांची लागवड धान्यपेरणीच्या आधीची मानली. उकिरड्याच्या थरात बी सापडले म्हणजे तेथे लागवड होती असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि जळके धान्य मातीत टिकते, कंद आणि पालेभाज्या सहसा टिकत नाहीत. त्यामुळे उत्खननात शेताचा पुरावा अधिक मिळणारच. हे लक्षात घेता अँडरसन यांची मांडणी निदान काही पिकांपुरती तरी ग्राह्य वाटते. पापुआ न्यू गिनीतील कूक दलदलीत सुमारे 7,000 ते 6,400 वर्षांपूर्वी लागवडीसाठी रचलेले मातीचे उंचवटे आढळले आहेत. पाणथळ जागी मुळे कोरडी ठेवण्याची ती युक्ती आजच्या गादीवाफ्यात, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यात, कायम आहे.

जागा व आकार : फळभाज्यांना रोज किमान 6 तास थेट ऊन लागते, पालेभाज्यांचे 3–4 तासांवर भागते. पहिल्या वर्षी 1.2 मी. × 2.5 मी. चे दोन वाफे पुरेत. वाफा 1.2 मी. पेक्षा रुंद असला तर मध्यापर्यंत हात पोचत नाही, माती तुडवली जाते आणि घट्ट बसते. दोन वाफ्यांमध्ये 45 सेंमी. वाट ठेवतात. निचरा पाहण्यासाठी 30 सेंमी. खोल खड्डा पाण्याने भरून जिरू देतात, पुन्हा भरतात व पातळी मोजतात. ती तासाला 2.5 सेंमी. पेक्षा कमी उतरली, तर गादीवाफाच करावा.

मशागत : माती वाफशावर, म्हणजे फार ओली नाही व फार कोरडी नाही अशी असतानाच हाताळावी. 10 सेंमी. खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो भुगा होऊन पसरला तर वाफसा आहे. नुसताच चपटा झाला तर थांबावे. ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळे विटेसारखी वाळतात व हंगामभर फुटत नाहीत. खणण्याविषयी दोन मते आहेत. दोन फावडी, म्हणजे सुमारे 60 सेंमी. खोल खणण्याची पद्धत मुळांना मोकळी जागा देते. मुळीच न खणणाऱ्यांचे म्हणणे असे की त्याने गांडुळांची बिळे मोडतात आणि खाली दबलेले तणाचे बी वर येऊन उगवते. दोन्हींत तथ्य आहे. तुडवून घट्ट झालेली जागा पहिल्या वर्षी एकदाच 20–25 सेंमी. मोकळी करावी व पुढे खत केवळ वरून घालावे, हे अधिक श्रेयस्कर दिसते. पूर्ण कुजलेल्या खताचा 5 सेंमी. थर द्यावा, 3 चौ. मी. च्या वाफ्याला ते 150 लिटर भरते. ताजे शेण मुळे भाजते. न कुजलेला लाकडाचा भुसा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जीवाणू नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

लागवड : टोमॅटो, वांगी, मिरची व कोबी यांची रोपे 4–6 आठवड्यांची करून लावतात. भेंडी, घेवडा, मुळा व गाजर जागेवरच पेरतात, कारण सोटमूळ दुखावले की गाजर फाटे फोडते. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. टोमॅटो-वांग्यांत 60, मिरचीत 45, भेंडीत 30 आणि गाजरात 5 सेंमी. अंतर राखावे. विरळणी (जादा रोपे उपटणे) करवत नाही म्हणून दाट ठेवलेले गाजर पोसतच नाही. टोमॅटोचे खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गाडले तरी चालते, त्यावर नवी मुळे फुटतात.

पाणी व बिघाड : आठवड्याला चौ. मीटरमागे सुमारे 25 लिटर पाणी दोन पाळ्यांत द्यावे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच राहतात. पेरलेल्या वाफ्यात मात्र उगवण होईपर्यंत वरचा थर सुकू देऊ नये. रोपे कोलमडण्याचा रोग पिथियम हा बुरशीसदृश जीव व रायझोक्टोनिया ही बुरशी यांमुळे होतो. मातीलगतचे खोड दोऱ्यासारखे बारीक होते आणि पाने हिरवी असतानाच रोप आडवे पडते. दाट पेरणी व साचलेला ओलावा ही त्याची कारणे. टोमॅटोचे बूड काळे पडते ते बहुधा मातीत चुना कमी म्हणून नव्हे, तर पाण्याची पाळी चुकल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही म्हणून. पाला भरघोस व फळ नाही, तर नत्र जादा झाले असे समजावे. काकडी-भोपळ्यावर आधी नर फुले येऊन गळतात. त्यात बिघाड काही नाही.

फेरपालट : टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही एकाच कुळातली, त्यांपैकी कोणतेही पीक त्याच वाफ्यात तीन वर्षे पुन्हा घेऊ नये. झेंडूच्या काही जाती सूत्रकृमींना (मुळांना उपद्रव देणाऱ्या सूक्ष्म कृमींना) आवर घालतात, पण त्यासाठी पूर्ण वाफ्यात झेंडूचेच दाट पीक घ्यावे लागते. कडेला लावलेल्या चार-सहा रोपांनी ते काम होत नाही.