आघातोत्तर ताण विकार

आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी) : जिवावरचा प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार स्वतः भोगल्याने वा डोळ्यांदेखत पाहिल्याने काही जणांना जडणारा मानसिक आजार. जवळच्या माणसावर असा प्रसंग ओढवल्याचे कळल्यानेही तो होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 70 टक्के माणसांच्या वाट्याला असा एखादा प्रसंग येतो, पण त्यांतल्या 5.6 टक्क्यांनाच हा विकार होतो. म्हणजे बहुतेक जण उपचारांशिवाय सावरतात. लैंगिक अत्याचारानंतर मात्र हे प्रमाण बरेच जास्त असते.

घडलेला प्रसंग नुसता आठवत नाही, तो पुन्हा घडू लागतो. एखादा वास किंवा आवाज पुरतो; छाती धडधडते, घाम फुटतो, आपण आता कुठे आहोत याचे भान सुटते. रात्री तीच स्वप्ने पडतात. रुग्ण ती जागा, ती माणसे, तो विषयच टाळू लागतो. झोप उडते, बारीकशा आवाजाने तो दचकतो, चिडचिड वाढते, आपल्या माणसांविषयीही काही वाटेनासे होते. ‘चूक माझीच होती’ हा विचार पाठ सोडत नाही. हा त्रास महिन्याहून अधिक काळ टिकला आणि रोजचे जगणे अडू लागले, तरच हे निदान करतात. काहींमध्ये पूर्ण लक्षणे सहा महिने उलटल्यावर दिसतात.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या अशा अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिले, तरी पुष्कळांना भित्रेपणाचाच शिक्का सोसावा लागला. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे हा विकार 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आला. पण तो फक्त सैनिकांचा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली, आणि वाचलेल्या अनेकांनी दगडी घराचा धसका घेतला. ही भीती म्हणजे लगेच विकार नव्हे. नैसर्गिक धास्ती आणि आजार यांतली रेघ तिचा कालावधी आणि तीव्रता पाहूनच ओढावी लागते.

उपचारांत गोळ्यांपेक्षा आघात-केंद्रित मानसोपचाराला पहिले स्थान आहे. टाळाटाळीने तात्पुरते बरे वाटते, पण आता धोका उरलेला नाही हे शिकण्याची संधीच मनाला मिळत नाही. म्हणून एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण तो प्रसंग सुरक्षित वातावरणात पुनःपुन्हा सांगतो आणि टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जातो. दुसऱ्या एका पद्धतीत, साधारण 12 बैठकांत, अपराधीपणाचे विचार तपासले जातात. फ्रान्सिन शापिरो यांच्या ‘ईएमडीआर’मध्ये आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवतात; त्याचा गुण येतो, मात्र त्यात डोळ्यांच्या हालचालींचा वाटा किती, यावर वाद आहे. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच सांगायला हवे. दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून अनुभव वदवून घेण्याची एका बैठकीची प्रथा आता शिफारशीत नाही.

औषधांपैकी सर्ट्रालीन आणि पॅरोक्सेटीन या दोन नैराश्यरोधक गोळ्यांनाच अमेरिकेत या विकारासाठी खास मान्यता आहे, व्हेन्लाफॅक्सीनही वापरतात. गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसीन देतात, पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे झोप नाही म्हटले की पहिल्यांदा आठवतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या इथे टाळाव्यात: मूळ विकार त्याने हटत नाही, सवय मात्र लागते. एमडीएमए या मादक द्रव्याच्या जोडीने मानसोपचार करण्याचा प्रस्ताव अमेरिकी औषध प्रशासनाने ऑगस्ट 2024 मध्ये फेटाळला.

भारतात ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.