अळीची माशी कशी होते? एका चिनी वाक्प्रचाराची कुळकथा

चिनी भाषेत दत्तक मुलाला ‘मिंगलिंगचा मुलगा’ म्हणतात. मिंगलिंग म्हणजे पिकांवर आढळणारी हिरवी अळी. ‘तीन राज्यांची कहाणी’ या प्रसिद्ध कादंबरीत राजा ल्यू बेईचा मानलेला मुलगा ल्यू फंग याच्या कानावर घातले जाते की, सेनापती ग्वान यूने त्याला ‘मिंगलिंगचा मुलगा’ ठरवून त्याच्या वारसाहक्काला विरोध केला होता. तो शब्द त्याला इतका झोंबतो की, वेढ्यात सापडलेल्या ग्वान यूला तो कुमक पाठवत नाही.

या शब्दाचे मूळ ‘शिजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात आहे. मिंगलिंगची पिल्ले ग्वोल्वो उचलून नेते, तशीच तुम्हीही आपल्या मुलांना शिकवण देऊन आपल्यासारखी करा, असा त्यातील एका कवितेचा आशय आहे. ग्वोल्वो म्हणजे आपल्याकडची कुंभारीण, मातीचे घरटे बांधणारी बारीक कमरेची माशी. पुढे यांग श्योंग (इ.स.पू. ५३ ते इ.स. १८) या विद्वानाने लिहिले की, ही माशी अळीला ‘माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो’ असे ऐकवत राहते आणि कालांतराने अळी खरोखरच तिच्यासारखी होते, कन्फ्यूशियसचे सत्तर शिष्य असेच गुरूसारखे झाले. उपमा देखणी आहे, आणि ती अगदीच हवेतून आलेली नाही. घरट्यात अळी जाताना दिसते, काही आठवड्यांनी त्यातून माशी बाहेर पडते, आणि माती थापताना अशा माश्या गुणगुणतातही.

प्रत्यक्षात माशी अळीला नांगी मारून लुळी करते. अळी मरत नाही, म्हणून सडत नाही, आणि पिल्लाला ताजे अन्न मिळते. कुंभारीण रिकाम्या घरट्यात आधी अंडे घालते, तेही छताला बारीक तंतूने टांगून, आणि मगच अळ्या भरून तोंड लिंपते. अळ्या थोड्याफार वळवळल्या तरी अंड्याला धक्का लागत नाही.

ताओ होंगजिंग (४५६ ते ५३६) या औषधीतज्ज्ञाने ही समजूत स्पष्ट शब्दांत खोडून काढली. भिंतीवरच्या मातीच्या नळ्यांत माशी बाजरीच्या दाण्याएवढी अंडी घालते, दहा-बारा कोळी पकडून आत कोंबते, आणि तेच पिल्लांचे खाद्य होते, असे त्याने नोंदवले. बोरूच्या पोकळीत राहून हिरव्या अळ्या नेणारी दुसरी जातही त्याने वेगळी सांगितली. तरीही जुन्या वचनाचा दरारा असा की वाद शतकानुशतके चालूच राहिला. खौ त्सोंगश याने १११६ च्या आपल्या ग्रंथात घरटे फोडून पाहिल्याचे लिहिले आहे: अर्ध्या दाण्याएवढे, किंचित पिवळसर पांढरे अंडे वर, अळ्या खाली, आणि दोहोंचा एकमेकांना स्पर्श नाही. टांगलेल्या अंड्याचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

भारतातही हेच दृश्य पाहून ‘भ्रमर-कीटक न्याय’ रूढ झाला. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, भिंतीतल्या घरट्यात कोंडलेला किडा माशीचे ध्यान करता करता तद्रूप होतो. चिनी कथेत बदल घडवते ती माशीची शिकवण, इथे मात्र किड्याचे स्वतःचे ध्यान. आणि भागवत हेही सांगते की, तो आपले पूर्वीचे शरीर न टाकताच तसा होतो.