गोळी पोटात, धडधड छातीत

भातलावणीच्या दिवसांत रत्नागिरी-सिंधुदुर्गात डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचं नाव औषधाच्या दुकानाबाहेरही ऐकू येतं. चिखलात राबणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जीवाणूंचा ताप) होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम. सौम्य लेप्टो झालाच तर मोठ्या माणसाला सहसा 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. ही गोळी जीव वाचवते. पण ती लेप्टोचा जंतू तेवढा हेरून मारत नाही, आतड्यात वस्तीला असलेले जीवाणूही तिच्या तावडीत सापडतात. त्या पडझडीचा मनातल्या धास्तीशी संबंध असेल का?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2011 साली उंदरांना आठवडाभर पाण्यातून अँटिबायोटिकं पाजली. आतड्यातले जीवाणू बदलले, वागणंही बदललं. गंमत म्हणजे उंदीर घाबरट नव्हे, धीट झाले! औषध थांबल्यावर दोनेक आठवड्यांत मूळपदावर आले. हा थेट औषधाचाच परिणाम नव्हे कशावरून? तीच औषधं पोटाच्या पोकळीत टोचली तर फरक पडला नाही; जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना पाजली तरी नाही. मग संशोधकांनी उंदरांच्या दोन जातींमधल्या आतड्यातल्या जीवाणूंची अदलाबदल केली. छोट्या चौथऱ्यावर ठेवलं की धीट जातीचा उंदीर पटकन खाली उतरतो, भित्रा कडेशी घुटमळत राहतो. धिटाचे जीवाणू मिळालेला भित्रा लवकर उतरू लागला. भित्र्याचे मिळालेला धीट रेंगाळू लागला.

निरोप मेंदूपर्यंत जातो कसा, याचं एकच उत्तर नाही. आयर्लंडमधल्या एका प्रयोगात उंदरांची व्हेगस नस, म्हणजे आतडं आणि मेंदू जोडणारी नस, कापली की जीवाणूंचा परिणाम संपला. मॅकमास्टरच्या उंदरांत ती कापूनही टिकला. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात तयार होतं हे वाक्य फार फिरतं. खरं आहे, पण ते सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही.

माणसांत पुरावा कच्चा आहे. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींच्या 2015 च्या अभ्यासात पेनिसिलिनचे पाचाहून अधिक कोर्स घेतलेल्यांत चिंताविकाराची शक्यता जास्त दिसली. मात्र वारंवार आजारी पडणारा माणूस तसाही धास्तावलेला असतो. शिवाय जुलाबावर सर्रास घेतली जाणारी ऑफ्लॉक्सॅसिन आणि तिच्या कुळातली औषधं थेट मेंदूवरही परिणाम करतात: झोप उडते, जीव घाबरा होतो. दोष आतड्याला देण्याआधी गोळीचं नाव वाचावं. बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांवर अशा गोळ्यांचा उपयोगच नसतो. तिथे ओआरएस आणि पेज. गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि छातीतली ती जळजळ ‘टेन्शन’च्या खाती जाते. लोहाची गोळी, अँटासिड यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जीवाणूंच्या, कॅप्सूलची घाई नको: इस्रायलमधल्या 2018 च्या प्रयोगात अँटिबायोटिकनंतर या कॅप्सूलनी मूळ जीवाणूंचं परतणं उलट लांबवलं. जीवाणूंना चारा म्हणून कुळीथ, नाचणी, कच्ची केळी चांगली.

लेप्टोच्या उपचारात धास्ती वाटली म्हणून कोर्स अर्धवट सोडू नये, डॉक्टरांना सांगावं. आणि धाप लागणं, लघवी कमी होणं, डोळे पिवळे पडणं ही धास्ती नव्हे. त्याच क्षणी गाडी काढून मोठं हॉस्पिटल गाठायचं.