गुरुत्वाकर्षण आणि गुरुत्वीय लहरी: घोळ नेमका कुठे होतो

‘गुरुत्वीय लहरींमुळे ग्रह सूर्याभोवती फिरतात.’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता नीट लिहिणं भाग आहे. ग्रहांना धरून ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. त्यात लहरींचा काही हात नाही. गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाश-कालात, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित पटात, उठून दूरवर पसरत जाणारी थरथर.

गुरुत्वाकर्षण सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून ते थोडक्यात. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश उरते. लहरीचा जोर मात्र तेवढ्याच अंतरात निम्मा होतो, म्हणूनच ती इतक्या लांबून आपल्यापर्यंत पोचते. ती प्रकाशाच्या वेगाने जाते. हे लक्षात ठेवलं की झालं, यात कुणी फारसं अडखळत नाही.

अडखळतात ते पुढच्या मुद्द्यावर. गुरुत्वाकर्षणाला वस्तुमान नुसतं असणं पुरतं. लहरीला ते पुरत नाही. वस्तुमानाची मांडणी सतत बदलत राहावी लागते. आणि कसलाही बदल चालत नाही. अगदी गोल तारा स्वतःभोवती कितीही वेगाने फिरला तरी लहरी निघत नाहीत. तो सगळ्या बाजूंनी सारखाच फुगत-आक्रसत राहिला तरीही नाहीत, कारण बाहेरून पाहिलं तर त्याच्या ओढीत काहीच फरक पडलेला नसतो. त्याच ताऱ्यावर एका बाजूला उंचवटा असेल, किंवा दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, तर लहरी निघतात. म्हणून ‘हलणारी प्रत्येक वस्तू लहरी सोडते’ हे विधानही मला पटत नाही.

दोन्हींतली तफावत आपल्याच सूर्यमालेत दिसते. सूर्याचं गुरुत्वाकर्षण अख्ख्या पृथ्वीला कक्षेत धरून ठेवतं. याच जोडीतून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा किती? सुमारे 200 वॉट, म्हणजे घरातल्या दोन-चार जुन्या बल्बांइतकी.

हे ध्यानात आलं की नेहमीचा प्रश्नही सुटतो: कृष्णविवरातून प्रकाश सुटत नाही, मग लहरी कशा सुटतात? सुटतच नाहीत. ‘कृष्णविवरातून निघालेल्या लहरी’ हा शब्दप्रयोग मला अजिबात खपत नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताना त्यांच्या बाहेरचं अवकाश-काल ढवळून निघतं, आणि लहरी तिथे तयार होतात. 14 सप्टेंबर 2015 रोजी लायगोने (काटकोनातल्या दोन लांब भुजांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेने) टिपलेल्या टकरीत सूर्याच्या सुमारे 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची कृष्णविवरं एक झाली आणि उरलं 62 पटींचं. मधल्या 3 सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींतून गेली, पण आतलं काही बाहेर आलं नाही. उलट नव्या कृष्णविवराचं पृष्ठफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त भरलं.

त्या जोडीची ओढ 130 कोटी प्रकाशवर्षांवरून आपल्याला कधीच जाणवली नसती. लहर पोचली. तिने लायगोच्या 4 किलोमीटर लांबीच्या भुजा प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी ताणल्या-आखडल्या. जेमतेम 0.2 सेकंदात तिची कंपनं सेकंदाला 35 वरून 250 वर चढली. ही चढण किती वेगाने झाली त्यावरून वस्तुमानं निघतात. तेवढ्या वस्तुमानांची लहर मुळात किती जोरदार असणार हे सिद्धांत सांगतो, आणि आपल्याकडे पोचली ती किती क्षीण यावरून अंतर कळतं.

अंतर असं थेट मिळणं ही मला लहरींची सगळ्यात मोलाची देणगी वाटते. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठे तारे कोसळून उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीची लहर आली आणि अवघ्या 1.7 सेकंदांनी तिथूनच गॅमा किरण आले. मग दुर्बिणींनी ती जागा सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत शोधली. लहरीवरून अंतर आणि दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिचा दूर जाण्याचा वेग, अशी दोन्ही हाती आल्यावर विश्वाच्या प्रसरणाचा दर काढता आला: दर मेगापार्सेकला (सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला) सेकंदाला सुमारे 70 किलोमीटर. एकाच घटनेवरून काढल्यामुळे त्यातली अनिश्चितता बरीच मोठी आहे, आणि ती कमी करायला अशा आणखी कितीतरी जोड्या सापडाव्या लागतील.