चौकाची पुनर्रचना आणि आसपासचा हिशोब

गर्दीचा चौक नव्याने आखायचा म्हणजे उड्डाणपूल, भुयारी मार्ग, सिग्नलच्या फेज (एकेका दिशेला आळीपाळीने मिळणारा हिरवा) बदलणं, उजवं वळण बंद करून पुढे यू टर्न देणं, रस्तारुंदी, यातलं काहीतरी किंवा सगळंच. हे करताना गाडीवाल्यांची किती मिनिटं वाचतील एवढंच न बघता चौकाच्या भोवती राहणारे, चालणारे, टपरी लावणारे, बसची वाट बघत उभे असणारे यांचं काय होणार हे आधी मांडून बघणं, त्याबद्दलची ही नोंद. आपल्याकडे याला एकच असं नाव नाही. कुठे त्याला वाहतूक अभ्यास म्हणतात, कुठे सामाजिक परिणाम अहवाल, कुठे नुसतंच "हरकती-सूचना", आणि बऱ्याचदा लोकांना कळतं ते बॅरिकेड लागल्यावरच. पुण्याचा विद्यापीठ चौक हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण, त्यामुळे नोंदीत तोच जास्त येईल.

मोजणी कशाची होते

सगळं सुरू होतं गाड्या मोजण्यापासून. पण बस, रिक्षा, टू व्हीलर, ट्रक सगळे एका मापात बसत नाहीत म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने कारला 1 धरून बाकीच्यांना आकडे दिलेत, त्याला पीसीयू म्हणतात. 1990 च्या आयआरसी 106 मध्ये टू व्हीलर 0.5 ते 0.75, रिक्षा 1.2 ते 2, बस किंवा ट्रक 2.2 ते 3.7, रस्त्यावर त्या प्रकारच्या गाड्या किती टक्के आहेत त्यावरून. हा आकडा गाडी किती जागा अडवते ते सांगतो, आत माणसं किती ते नाही. म्हणजे साठ माणसांनी खच्चून भरलेली पीएमपीची (पुण्याची शहर बससेवा) बस जास्तीत जास्त 3.7, आणि एकेक माणूस बसलेल्या चार कार 4. कागदावर चार कारचं ओझं बसपेक्षा जास्त दिसतं, बरोबर आहे, पण मग चौक "मोकळा" केला म्हणताना कोणाला मोकळं केलं हे या आकड्यातून कळतच नाही.

पायी चालणाऱ्यांची मोजणी करतातही, नाही असं नाही. पण ती रस्ता ओलांडणाऱ्यांची असते. ज्या आजी गुडघ्यांमुळे आणि भीतीमुळे पलीकडच्या भाजीवाल्याकडे जायचंच सोडून देतात त्या कुठल्याच तक्त्यात येत नाहीत, उलट त्यांच्यामुळे "इथे पादचारी कमी आहेत" असा निष्कर्ष निघतो आणि झेब्रा क्रॉसिंग अजून लांब जातं.

सिग्नलचं गणित

मोठ्या चौकात सिग्नल इतका का लांबतो याचं एक जुनं सूत्र आहे, 1958 मध्ये वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने मांडलेलं. एका फेरीत (सगळ्या दिशांना एकदा हिरवा मिळेपर्यंतचा वेळ) गाड्या थांबण्या-सुटण्यात वाया गेलेले सेकंद दीडपट करायचे, त्यात 5 मिळवायचे आणि चौकाच्या क्षमतेचा जो वाटा अजून शिल्लक आहे त्याने भागायचं. समजा चार फेज, प्रत्येकात 4 सेकंद वाया, म्हणजे 16. चौक 80 टक्के भरलेला असेल तर फेरी येते 145 सेकंदांची. तोच 90 टक्के भरला की 290, जवळजवळ पाच मिनिटं. गाड्या आठवा हिस्सा वाढल्या आणि वाट बघणं दुप्पट झालं. म्हणून इंजिनिअर लोक एखादी दिशा उचलून पुलावर टाकायला किंवा उजवं वळण बंद करायला बघतात, एक फेज गेली की खालचा सिग्नल एकदम सुटतो. यात काही चूक नाही. पण हेच सूत्र चालणाऱ्याला काही देत नाही. 24 मीटर रुंद रस्ता सेकंदाला 1.2 मीटर या धरलेल्या चालीने ओलांडायला 20 सेकंद लागतात, हातात पिशव्या आणि बरोबर पोर असेल तर जास्त, आणि फेज कमी करताना सगळ्यात आधी कात्री लागते ती याच सेकंदांना.

रॅम्पच्या दोन बाजू

पुलाचा परिणाम चौकात कमी आणि रॅम्पच्या बाजूला जास्त जाणवतो, ही गोष्ट नकाशावर पटकन दिसत नाही. खालून बस-ट्रक जायला साडेपाच मीटर उंची सोडायची, वर तुळई आणि स्लॅबची जाडी, म्हणजे रस्ता सातेक मीटर वर गेला. तीसास एक असा चढ धरला तर एका बाजूचा रॅम्प दोनशे मीटरच्या पुढे. त्यात भरावाची भिंत असेल तर तेवढ्या लांबीत रस्ता ओलांडणं बंद, समोरचा मेडिकलवाला दिसतो पण जायचं तर वळसा घालून. खालच्या सर्व्हिस रोडला एकच लेन उरते, तिथेच रिक्षा थांबते, तिथेच पीएमपीचा थांबा, तिथेच सोसायटीचं गेट. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर रात्री अकराला एक्सलेटर. ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, दवाखाना-शाळा-कोर्टाच्या 100 मीटरच्या आतला भाग शांतता क्षेत्र ठरवला असेल तर 50 आणि 40. गर्दीच्या चौकात हे आकडे पुलाआधीच ओलांडलेले असतात म्हणून पुलाने किती भर घातली हा प्रश्न कुणी विचारत नाही.

विद्यापीठ चौक

अधिकृत नाव आचार्य आनंदऋषीजी चौक, पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा. शिवाजीनगरकडून येणारा गणेशखिंड रस्ता, औंध, बाणेर आणि पाषाण हे रस्ते इथे भेटतात आणि सेनापती बापट रोडची गर्दी थोडं अलीकडे येऊन मिळते. इथे आधीच उड्डाणपूल होते. दीड दशकाच्या आतच, जुलै 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत ते पाडायला घेतले, कारण माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रोची तिसरी मार्गिका (साधारण 23 किलोमीटर, भूमिपूजन डिसेंबर 2018) इथूनच जाणार होती आणि जुन्या पुलांच्या खांबांमध्ये ती बसेना. नवीन रचना दुमजली: खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे.

औंधकडून शिवाजीनगरला जाणारी बाजू खुली झाली ऑगस्ट 2025 मध्ये. म्हणजे 2020 ला विद्यापीठाच्या कॉलेजात शिरलेल्या पोराची डिग्री झाली, मास्टर्स झालं, आणि तोवर त्याने चौक असा पाहिलाच नाही, पाहिले ते पत्रे. पाच वर्षांच्या या मधल्या काळाला अहवालात "बांधकाम टप्पा" म्हणतात आणि त्याचे परिणाम "तात्पुरते" या सदरात टाकतात. पण डायव्हर्जन आठवड्याला बदलतं, बसचा थांबा दोन-तीनशे मीटर सरकतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं, तर त्याच्यासाठी ते तात्पुरतं कसं? दुकान बंद झालं की झालं.

यातला सगळ्यात मोठा धडा (माझ्या मते तरी) जुन्या पुलांचा आहे. ते बांधताना पुढे इथून मेट्रो जाईल का हे विचारात नव्हतं, म्हणून बांधणं, पाडणं, पुन्हा बांधणं अशी तीन कामं एकाच चौकाने सोसली. नवीन पूल बांधायचा खर्च अहवालात असतो, आधीचा पूल फुकट गेला तो खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा कुणास ठाऊक.

झाडं आणि हातगाड्या

गणेशखिंड रस्ता मुळात सावलीचा. तो 36 मीटरचा 45 मीटर करायचं ठरलं तेव्हा कडेच्या मोठ्या झाडांचा वाद पेटला आणि कोर्टापर्यंत गेला. महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा 1975 चा, त्यात 2021 ला दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची असा नियम आला. ऐकायला झकास. साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपं, पण ती जागा असेल तिथे लागतात, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता बसथांब्यावर उभ्या माणसाला त्या रोपांचा काय उपयोग?

हातगाडी-टपरीवाल्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस, शहर फेरीवाला समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच. चौकाचा आराखडा करणारा सल्लागार आणि ही समिती मात्र एका टेबलावर क्वचितच बसतात. एकाच्या ड्रॉइंगमध्ये ती जागा "अतिक्रमण" असते, दुसऱ्याच्या यादीत तोच माणूस परवानाधारक.

ट्रायल

पूल न बांधताही बरंच काही होतं. वळणाची त्रिज्या कमी केली की गाडी आपोआप हळू वळते, रस्त्याच्या मधे थांबायला बेट दिलं की चोवीस मीटर एका दमात पळावं लागत नाही, फूटपाथ आयआरसी 103 प्रमाणे निदान 1.8 मीटर मोकळा ठेवला की लोक रस्त्यावर उतरत नाहीत. पुणे महापालिकेने 2016 मध्ये रस्ते आखण्याची स्वतःची मार्गदर्शिकाही काढली, जंगली महाराज रोडचे रुंद फूटपाथ त्याच विचारातले. चौकात आधी कोन आणि बॅरिकेड लावून ट्रायल घेणं सगळ्यात स्वस्त, फक्त ती मे महिन्याच्या सुट्टीत घेऊ नये. शाळा-कॉलेज बंद, निम्मं पुणं गावाला, आणि मग "ट्रायल यशस्वी".

ट्रायलच्या काळात मोजायला हवा तो पुढचा चौकही. इथे सुटलेल्या गाड्या हवेत विरत नाहीत, त्या पुढच्या सिग्नलला जाऊन एकदम थडकतात, आणि आतल्या गल्लीत शॉर्टकट सापडला की तिथल्या सोसायट्यांना पंधरा दिवसांत कळतं, नकाशाला कळत नाही.

चांदणी चौक

पुण्याचंच दुसरं उदाहरण. मुंबई-बेंगळुरू महामार्ग आणि पौड रोड जिथे भेटतात तिथला जुना पूल 1 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे 2 तारीख लागल्यावर, सुमारे 600 किलो स्फोटकं लावून पाडला, टीव्हीवर लाईव्ह, आणि तरी तो पूर्ण पडला नाही म्हणून उरलेलं काम पोकलेनने केलं. भूमिपूजन 2017 चं, भूसंपादनात वर्षं गेली, उद्घाटन 12 ऑगस्ट 2023 ला. गाड्यांसाठी खरंच मोठा फरक पडला, हे मान्य करायलाच हवं, मुंबईहून साताऱ्याकडे जाणारा आता तिथे अडकत नाही. पण कोथरूड-बावधनच्या लोकांची मुंबईची बस पकडायची जागाही तीच होती. नवीन रॅम्पच्या जाळ्यात पायी पलीकडे कसं जायचं हे नीट आखलेलंच नव्हतं, त्यामुळे बॅगा घेतलेली माणसं महामार्गावरून पळत जाताना दिसायला लागली आणि पादचारी पुलाची मागणी उद्घाटन झाल्यानंतर जोर धरू लागली.