फ्लामेंकोची नळकांडी आणि फ्लामेंकोच्या तबकड्या

फ्लामेंकोची, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या गाण्या-गिटारच्या परंपरेची, मेणाची नळकांडी आणि तबकड्या संग्रहालयांच्या याद्यांत ‘जुनी ध्वनिमुद्रणं’ या एकाच सदराखाली दिसतात. दोन्हींवरचं गाणं विजेविना, कर्ण्यासमोर उभं राहून गायलेलं, म्हणून ही गल्लत सहज होते. पण या दोन वस्तू ऐकायच्या वेगवेगळ्या रीतीने.

१९००च्या आसपास माद्रिद, वॅलेन्सिया अशा शहरांतल्या फोनोग्राफच्या (नळकांडी वाजवणाऱ्या यंत्राच्या) दुकानांत गायकाला बोलावून गाणं थेट मेणावर कोरत. साच्यातून हव्या तेवढ्या प्रती काढायची सोय नव्हती. समोर काही यंत्रं मांडायची, गाऊन झालं की कोरी नळकांडी चढवायची आणि गायकाने तेच गाणं पुन्हा म्हणायचं. ‘एल मोचुएलो’ या नावाने गाणारा अँटोनियो पोसो अशा मुद्रणांत फार आढळतो. त्याच्या मालागेन्याची (हा फ्लामेंकोतला एक गानप्रकार) दोन नळकांडी हाती आली, तर ती एकाच गाण्याच्या प्रती आहेत असं धरून चालू नये. श्वास, हरकत, गिटारचा तुकडा, सगळं बदललेलं असू शकतं. एक नळकांडं फुटलं तर एक गायनच जगातून जाऊ शकतं, म्हणून ‘दुबार प्रत’ हा शेरा मला अक्षम्य वाटतो.

तबकडीचं तसं नाही. पास्तोरा पावोन, म्हणजे ‘ला निन्या दे लोस पेइनेस’, हिचं पहिलं मुद्रण १९१०चं. मूळ मेणावरून धातूचा साचा आणि त्यावरून शेकडो प्रती. लेबलाजवळ कोरलेला मुद्रणक्रमांक जुळला, की गायन तेच.

नळकांड्याला लेबल नसतं. नाव असतं पुठ्ठ्याच्या डबीवर, आणि डब्यांची अदलाबदल होते. खरी ओळख सुरुवातीच्या घोषणेत सापडते: गाणं कुठलं, गायक कोण, अनेकदा दुकानही. (गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या तबकड्यांवरही शेवटी तिचं नाव ऐकू येतं.)

वेळही ध्यानात घ्यावी. नळकांड्यावर जेमतेम दोन मिनिटं, तबकडीवर तीनच्या आसपास. त्यामुळे कडवी कमी होतात, गिटारचं वादन आखडतं. शिवाय फिरण्याचा वेग तेव्हा पक्का ठरलेला नव्हता. सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने वाजवल्या तर काहींवरचा आवाज उगाच चिरका होतो, आणि दोष मात्र गायकाच्या माथी येतो.