पाटी कंपनीची, दुकान कोणाचे?

पणजीच्या 18 जून रस्त्यावर ओळखीच्या ब्रँडची पाटी दिसली की दुकान कंपनीचेच, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा गाळा, माल आणि नोकर स्थानिक माणसाचे असतात; कंपनी फक्त नाव वापरायचा हक्क देते. यालाच फ्रँचायझी म्हणतात.

ही वाटणी जुनी आहे. सिंगर कंपनीने 1850च्या दशकात शिलाई यंत्रे खपवण्यासाठी प्रदेशवार हक्क विकले. पण यंत्र महाग; ते हप्त्याने द्यायचे, चालवायला शिकवायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे. एवढी उठाठेव एजंटाच्या हातून होईना. कंपनीने हक्क परत विकत घेत स्वतःच्या शाखा उघडल्या. कोका-कोलाने 1899 मध्ये बाटल्या भरण्याचा हक्क अवघ्या एका डॉलरला दिला, तोही सिरपचा भाव बांधून आणि मुदत न घालता. पहिल्या महायुद्धानंतर साखर भडकली, बांधलेला भाव कंपनीला परवडेना आणि 1920 मध्ये प्रकरण कोर्टात गेले.

आपल्याकडे याचा रोजचा नमुना म्हणजे पेट्रोल पंप. काही पंपांवर टाक्या आणि यंत्रे कंपनीची, जागा मात्र डीलरची; काहींवर जागाही कंपनीची. जिथे सगळेच कंपनीचे, तो 'कोको' (कंपनी ओन्ड, कंपनी ऑपरेटेड) पंप. डीलरचे कमिशन लिटरमागे ठरलेले, पण टाकीतल्या मालात पैसा त्याचा. 16 जून 2017 पासून दर रोज बदलू शकतात. टाकीत 10,000 लिटर असताना भाव 2 रुपयांनी उतरला, तर रातोरात 20,000 रुपये गेले. सकाळी डिप (टाकीत सोडायची मोजपट्टी) टाकून साठा मोजणे म्हणूनच टाळता येत नाही.

किनारपट्टीवर खरी कसोटी पावसाळ्यात लागते. कळंगुटमधले एखादे खाद्यपदार्थांचे दुकान घ्या. समजा डिसेंबरात विक्री 10 लाख, रॉयल्टी (नाव वापरण्याबद्दल कंपनीला द्यायचा विक्रीतला वाटा) 6 टक्के, म्हणजे 60,000. जुलैत विक्री 2 लाखांवर आली की रॉयल्टी 12,000. भाडे मात्र तेवढेच. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे, त्यामुळे कंपनीला जुलैतही काहीतरी मिळते आणि चालवणारा खिशातून भरतो. गाळा स्वतःचा असेल तोच यात तगतो, असे आमचे मत. भाड्याचा असेल तर सही करण्याआधी किमान रॉयल्टीची अट (विक्री कितीही घटली तरी ठरावीक रक्कम भरायची) करारातून वगळून घ्यावी, निदान जून ते सप्टेंबरपुरती.

कंपनीकडे ठेवायच्या डिपॉझिटसाठी घर गहाण ठेवायचे झाले तर गोव्यात आणखी एक गोष्ट आड येते. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा इथे अजून लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर मालमत्ता सहसा पती-पत्नी दोघांची धरली जाते, त्यामुळे बँक दोघांच्याही सह्या मागते.